पंखा बंद

मी ब्लाउज शिवतो, भद्रकालीत, तांबट आळीकडे वळता तिथे.
माझी कात्री दहा इंची, पितळी मुठीची,
वडिलांच्या अंगठ्याने आतून झिजलेली.
ती मी कुणाला देत नाही.
शरयूबाईंना दिली.

ऑपरेशननंतर त्यांचं उभं राहणं संपलं,
आणि हात असा थरथरायचा की ब्रश कागदावर टेकण्याआधीच
रंग चादरीवर.
म्हणून भाची सुलभा ताव रंगवून दोरीवर वाळत घालायची,
गॅलरीत, परकरांच्या शेजारी,
निळे, शेंदरी, एक हिरवा, कच्च्या द्राक्षाचा.
दोन पात्यांत कागद सापडला की मात्र हात गप्प.
कसा, ते मला विचारू नका.

मंगळवारी नि शुक्रवारी दुकान लवकर वाढवून
मी गंगापूर रोडला जायचो,
टाचण्यांची उशी मनगटाला बांधून.
मे महिना, आणि खोलीत पंखा बंद.
लावला तर चित्र जिन्यावरून खाली जाईल, म्हणायच्या,
आणि तुम्ही त्याच्यामागे.

मी म्हटलं, बाई, आधी खडूची रेघ मारून घ्या.
कापड असो की कागद, रेघेशिवाय कात्री आंधळी.
त्या म्हणाल्या, निकुंभ, तुम्हाला गिऱ्हाइकाचं माप असतं.
मला कुणाचं आहे?
आणि कात्री जागेवर ठेवून ताव फिरवला.
चाळीस वर्षं मी उलटं करत आलो होतो.

पहिल्यांदा कापला तो पक्षी. मला मासा वाटला.
उचलून भिंतीवर धरला: इथे?
तो राहू द्या खाली. ते लावा.
ते म्हणजे मागे उरलेला ताव, मधोमध भोक पडलेला.
आमच्यात त्याला चिंध्या म्हणतात,
वर्षभर साठवतो, दिवाळीआधी उशीत कोंबतो.
लावला.
भोकातून भिंत दिसत होती, पोपडे धरलेली,
आणि तीच उडत होती.

मग त्यांनी पूर घेतला.
रोज एक निळा पट्टा, कालच्याच्या वर.
मी म्हटलं, पुरात गंगा निळी कुठली, चहासारखी असते.
ठाऊक आहे, म्हणाल्या, तपकिरी बाटली संपली.
निजल्या निजल्या विचारायच्या, कुठवर आलं?
नाशिकचा माणूस सांगतो तसं मी सांगायचो:
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला.
कमरेला.
छातीला.
सुलभा हसायची. मग हसेनाशी झाली.
भिंतीवर मारुती नव्हताच.
मी माप धरत होतो ते त्यांच्या खाटेवरून,
आणि ते त्यांना माहीत होतं.

एका शुक्रवारी, पाणी गळ्याशी आलं तेव्हा,
त्यांनी कात्री परत केली, मूठ माझ्याकडे करून.
धार लावून घ्या. कागदाने बोथटते कापडाची कात्री.
हे मी त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं.
मग म्हणाल्या, पंखा लावा.

उडेल सगळं, बाई.
पट्ट्याला एकेकच टाचणी मारली होती मी, वरच्या कडेला,
कारण टाचण्या माझ्या, आणि मी चिकट माणूस.
पाचावर लावा.

आधी खालचे हलले,
मग त्यांच्यावरचे, मग सगळी भिंत
एकदमच निघाली, जागच्या जागी,
आणि रात्री पुलावर थांबलं की येतो
तसा आवाज, फक्त कोरडा.
दोन-तीन तुकडे सुटले. एक त्यांच्या मांडीवर पडला.
त्यांनी तो झटकला नाही.
सुलभा दारात उभी होती, हातात गरम पाण्याची पिशवी,
कितीतरी वेळ.

कात्री मी धारवाल्याकडे नेली नाही.
अजून नाही.
अस्तर कापताना अडते.
गिऱ्हाईक म्हणतं, निकुंभ, धार गेली वाटतं.
मी हो म्हणतो
आणि कापड फिरवतो.